जंत मारायची विजेची पेटी

ठाण्याला माझ्या सासरी विजेची पेटी आली तेव्हा मी पंधराएक वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. पुरावा काय, तर मला इंग्रजी आकडे वाचता येत. दहापर्यंत. पेटीवर दहाच्या पुढे आकडेच नव्हते, म्हणून माझी हुशारी टिकली. एरवी त्या पोरीत बघण्यासारखं काही नव्हतं. हातपाय काटक्या, पोट तेवढं घागरीसारखं पुढे आलेलं, आणि ओठाच्या कडेला कायम मातीची रेघ. ही बया परसातल्या भिंतीचे पोपडे काढून खायची आणि तोंड पुसलं की कुणाला कळत नाही अशी तिची समजूत होती.

कळत सगळ्यांना होतं. रात्री मी दात खायची ते सासूबाईंना माजघरात ऐकू जायचं. त्यांनी निदान केलं की हिच्या पोटात जंत आहेत. निदान बरोबर होतं, पण त्या तिथे थांबल्या नाहीत. मला न्हाण येऊन वर्ष उलटलं होतं आणि दिवस राहिले नव्हते, तेव्हा जंतांनी हिची कूस खाल्ली असं त्यांनी पुढे जोडलं. एरंडेल झालं, वावडिंग झालं. मग एक दिवस सुपात तांदूळ निवडता निवडता मला ऐकू आलं की आजेसासऱ्यांच्या श्राद्धापर्यंत ही बरी झाली नाही तर हिला माहेरी पोचवायची, कायमची, आणि मुलाला दुसरी करायची. मुलगी कुठली हेही बोलणं झालं होतं. मी समोरच बसले होते. माझ्याकडे बघायची कुणाला गरज वाटली नाही. सुपात खडा राहिला तेवढा मात्र सासूबाईंना लांबून दिसला.

स्वारी तेव्हा मुंबईला शिकत होती, शनिवारी यायची. कानावर घातलं तर म्हणाली, आई म्हणेल तसं. इंग्रजी शिक्षणाचा एवढा उपयोग झाला.

पेटी आणली मामंजींनी. कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसलेले, हातांना काम नाही, डोक्याला त्याहून नाही. फोर्टातल्या एका विलायती मालाच्या दुकानात त्यांना सांगण्यात आलं की ही पेटी वातावर चालते, अर्धशिशीवर चालते, आणि जंतांवर तर हमखास चालते. ठाण्यात तोवर वीज आभाळातून पडायची, एवढीच ओळख होती. ती मामंजींनी पेटीत घालून आगगाडीने आणली आणि ओटीवर ठेवली. चकचकीत लाकडाची पेटी, बाजूला पितळी चाक, चाकाला फिरवायची मूठ. आतून दोन तारा निघायच्या, हिरव्या रेशमाने गुंडाळलेल्या, आणि त्यांच्या टोकांना हातात धरायला दोन पितळी दांडे. वर एक पट्टी सरकवायची, तिच्यावर एक ते दहा आकडे. आकडा वाढवला की जोर वाढतो. चाक भरभर फिरवलं की ठोके भरभर पडतात. कुठल्या जंताला किती जोर आणि कसे ठोके, हे मात्र दुकानदाराने सांगितलं नव्हतं. ते मामंजींनी स्वतः शोधायचं ठरवलं, आणि शोधायला घरात मी होतेच.

पहिल्या दिवशी दोनाच्या आकड्यावर माझे हात कोपरापर्यंत थरथरले आणि मी किंचाळले. मामंजी खूश झाले. जंतांना लागलं म्हणाले.

इथे या शहाणीने काय करावं? रडून सुटावं की नाही? पण मामंजी पहिल्यांदाच माझ्याशी धड बोलत होते. आत काय वाटतं ते नीट सांग, सूनबाई, म्हणाले. असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग मी सांगायला लागले. चौथ्या दिवशी मी सांगत होते की तीनावर सावकाश ठोके दिले की लांब जंत बेंबीपाशी गोळा होतात, चारावर भरभर दिले की बारीक जंत सैरावैरा पळतात, आणि मधूनच एक चपटा आहे तो कुशीवर वळतो. मामंजी मान डोलवत. मी जंतांची खानेसुमारी करत होते, त्यांच्या जातीपाती लावत होते. प्रत्येक नव्या जंताबरोबर माझं माहेरी जाणं पक्कं होत होतं हे त्या गाढवीच्या डोक्यात शिरलं नाही. सासूबाई आतून ऐकत होत्या. एवढे निघतील असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

कल्याणला मामंजींचे थोरले भाऊ राहत. धाकट्याने आणलेली वस्तू आपल्याकडे नसावी हे त्यांना सोसणारं नव्हतं. त्यांनी महिन्याच्या आत दुसरी पेटी आणवली. त्यांच्या पेटीला चाक नव्हतं. एका बरणीत तेजाब, त्यात बुडवलेले पत्रे, आणि एक एवढीशी हातोडी आपोआप थरथरायची, तिचा भुंग्यासारखा आवाज यायचा. स्क्रू पिळला की भुंगा बारीक व्हायचा, सैल केला की जाड. थोरल्या मामंजींचं मत, जंताला सावकाश आणि दणकून ठोके हवेत, म्हणजे त्याची पकड सुटते. आमच्या मामंजींचं मत, भरभर हवेत, म्हणजे त्याला घेरी येते. दोघांनी जंत कधी बघितला असेल तर परसात, लहानपणी. पण वाद असा की ऐकणाऱ्याला वाटावं हे दोघं त्यांच्यात राहून आलेत.

वाद मिटवायला मला कल्याणला नेत. सकाळी ठाण्याची पेटी, दुपारी कल्याणची. जाड भुंगा बरा की भरभर चाक बरं? मी ठाण्यात म्हणायची, चाक. कल्याणात म्हणायची, भुंगा. प्रत्येक घरी मला शेवटी गुळाचा खडा मिळे. दोघे भाऊ एकमेकांना खोटं पाडण्यासाठी माझाच दाखला देत, आणि मला वाटे की माझ्यावाचून या घराण्याचं चालत नाही.

मग सासूबाईंनी पेटीला हात लावला.

त्या दिवशी त्या स्वयंपाकात होत्या, सोवळ्यात. स्नान करून रेशमी सोवळं नेसलं की जेवणं होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. मामंजींनी फार आग्रह केला, तेव्हा त्या माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. दांडे सगळ्यांनी हाताळलेले, माझ्या घामाचे. ते नुसत्या हाताने कसे धरणार? त्यांनी पदराची दुहेरी घडी केली आणि पदरातून धरले. रेशमाला विटाळ नाही, म्हणाल्या. सोवळ्याचे नियम आमच्याकडे त्याच करत.

मामंजींनी दोनावर चाक फिरवलं. पाचावर फिरवलं. दहावर नेलं आणि हात दुखेपर्यंत फिरवलं. सासूबाईंची पापणी हलली नाही.

"मला काही सुद्धा लागत नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "लागणार कसं? असावं लागतं ना काहीतरी पोटात."

झालं. दोघा भावांनी एवढे दिवस घासाघीस करून जे सापडलं नव्हतं ते सासूबाईंना उंबऱ्यावर उभ्या उभ्या सापडलं. ज्याच्या पोटात जंत नाहीत त्याला वीज लागत नाही. ज्याला दोनावर लागते तो जंतांनी भरलेला. थोरल्या मामंजींनासुद्धा हे पटलं, आणि त्यांना धाकट्याच्या घरातलं काही पटल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. ठरलं असं: श्राद्धाला थोरले ठाण्याला येतील तेव्हा आपली पेटी आणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पेट्या मांडायच्या. आधी सासूबाईंनी धरायचं, म्हणजे निरोगी माणूस कसं असतं ते कळेल. मग मी. दहावर गप्प राहिले तर राहिले घरात. माझ्या वडिलांना आधीच बोलावून ठेवायचं, म्हणजे ओरडले तर त्यांनी तिथूनच घेऊन जावं.

आता या बाईला अक्कल यावी. आली नाही. हिने ठरवलं की सवय करायची. दुपारी सगळे लवंडले की ही ओटीवर जायची, एक दांडा पायाच्या अंगठ्याखाली दाबायची, दुसरा डाव्या हातात, आणि उजव्या हाताने स्वतःच चाक फिरवायची. तोंडात पदराचा बोळा. तीनावर डोळ्यांतून पाणी, चारावर पाय उडायचा आणि दांडा खणखणत ओटीवरून खाली. कुणी विचारलं तर मांजर. रोज एक आकडा चढायचा असा तिचा बेत होता. रोज ती चारावरच मरत होती.

एकदा दांडा घरंगळायला लागला म्हणून मी तो तारेला धरून ओढला आणि चाक फिरतच राहिलं. हाताला काही लागलं नाही. पुन्हा फिरवलं, तार घट्ट धरून. काही नाही. दांड्याला बोट लावलं, की चावला. मी त्या हिरव्या रेशमाकडे बघत बसले. किती वेळ बसले ते सांगत नाही, लाज वाटते; एवढ्यात कुणालाही कळलं असतं. मग आत गेले, लग्नातल्या शालूचा पदर आणला, त्यातून दांडे धरले आणि पट्टी दहावर सरकवली. चाक गरगर फिरलं आणि मी बसून राहिले, घुमीसारखी, सासूबाईंसारखी.

मी कुणाला सांगितलं नाही. शहाणपण म्हणून नव्हे. शालूच्या आतल्या बाजूची एक पट्टी कात्रीने कापून कनवटीला लावली, एवढ्याने माझं काम भागणार होतं. पण मला एकटीला वाचून समाधान नव्हतं. पोटात एवढे जंत असूनही तिथे दुसऱ्या काही गोष्टींना जागा होती.

श्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे माझे वडील आले. माहेर खडवलीच्या बाजूला, भाताची शेती. वडील बैलगाडी घेऊन आले होते, आजारी पोरीला आडवं होता यावं म्हणून गाडीत पेंढा पसरून. माझ्याशी बोलले नाहीत, ओटीवर कोपऱ्यात बसले, जावयाच्या घरी मुलीचा बाप बसतो तसे. दोन्ही पेट्या मांडल्या होत्या. बाया माजघरात, पुरुष ओटीवर, मध्ये पडदा. सासूबाई थोरल्या दिरांच्या समोर येत नसत, त्यांच्याशी बोलत तर मुळीच नसत. त्यांना काय वाटतं ते बाहेर कसं कळणार? सुनेने उत्तरापुरतं बोललेलं चाले. तेव्हा सासूबाईंनी मला हळू सांगायचं आणि मी मोठ्याने ओटीवर कळवायचं असं ठरलं. तारा पडद्याखालून आत घेतल्या.

सासूबाई न्हाणीत होत्या. त्यांचं रेशमी सोवळं वलणीवर उंच वाळत होतं, काठीने काढायचं, हाताने नाही. त्या बाहेर आल्या, अंगावर ओलं सुती लुगडं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मी पाटावर चढून ते सोवळं हाताने ओढून काढलं. घ्या, म्हटलं.

"शिवलीस?"

"तुमचीच घाई ना, सासूबाई."

रेशमाला विटाळ नाही हा नियम पितळेच्या दांड्यांपुरता होता. सुनेच्या हाताला तो लागू नव्हता. त्या मला काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही, त्यांच्या पश्चात बरं दिसणार नाही, आणि बरंचसं खरं होतं. बाहेर थोरले मामंजी खाकरले. त्यांना दुपारच्या गाडीने कल्याणला परतायचं होतं. दुसरं कोरडं सोवळं घरात नव्हतं. मी अगदी गरीब तोंड करून म्हटलं की ओलेत्याने धरलं तर त्याहून पवित्र काय. कुळधर्माला त्या ओलेत्यानेच नैवेद्य करत. त्या पाटावर बसल्या, ओला पदर हाताभोवती घेतला, बोटांवरून पाणी ठिबकत होतं, आणि दांडे धरले.

मामंजींनी विचार केला नाही. मागच्या वेळी दहावर काही लागलं नव्हतं, तेव्हा एकापासून कशाला चढा. त्यांनी पट्टी दहावर सरकवली आणि चाक फिरवलं.

माणसाचा चेहरा असा होतो हे मला माहीत नव्हतं. आवाज नाही. जबडा एका बाजूला गेला, मानेच्या दोऱ्या वर आल्या, आणि हात दांड्यांभोवती आवळले ते आवळलेच. टाकता येत नव्हते. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"काही लागतं का, विचार," बाहेरून थोरले मामंजी म्हणाले.

त्यांनी हो म्हटलं असतं तर चाक थांबलं असतं. पण हो म्हणायचं म्हणजे कल्याण-ठाण्याच्या दोन्ही घरांदेखत, आणि माझ्या बापादेखत, पोटात जंत आहेत म्हणून सांगायचं. त्यांनी मान हलवली. नाही.

"सासूबाई म्हणतात, काही लागत नाही," मी ओटीवर कळवलं. आणि थोडं थांबून, "आणखी जोरात फिरवा म्हणतात."

मामंजींचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात लावले. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते ओल्या केसांच्या पाण्यात मिसळत होतं, त्यामुळे कुणी बघितलं असतं तरी कळलं नसतं. मी बघत होते. मग थोरले म्हणाले, आता माझी लावा. मी जाड भुंगा सुचवला. सावकाश आणि दणकून. तोही झाला. त्या भुंग्याचा प्रत्येक ठोका त्यांच्या खांद्यात वेगळा दिसत होता. दोन्ही पेट्यांत काही फरक वाटतो का असं विचारणं आलं. मी परस्पर कळवलं की सासूबाईंना दोन्ही सारख्याच.

भुंगा थांबला. दांडे पडले. त्या थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग उठल्या, माझी पाळी म्हणून मला पाटावर बसवलं, आणि मी कनवटीची रेशमाची पट्टी काढून तळहातावर घेते न घेते तोच त्यांनी बघितली.

त्यांना कळायला किती वेळ लागला? माझी ओटीवर दुपार गेली होती. त्यांना पापणी लवायला लागते तेवढा. त्यांनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली, स्वतःच्या ओल्या पदराने माझे दोन्ही तळहात पुसले, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा, लहान मुलाचे पुसतात तसे सावकाश, आणि दांडे माझ्या हातात देऊन वरून मुठी मिटल्या.

"दहावर," नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या. "आणि थांबू नका."

काय झालं ते सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. जंतांच्या हालचालींचं एवढं बारीक वर्णन करणारी ती पोरगी, तिला तेव्हा एकही जंत आठवला नाही. दात आवळले गेले आणि एकाचा तुकडा उडाला, तो मी गिळला. समोर सासूबाई उकिडव्या बसल्या होत्या, मी मघाशी बसले होते तशाच, आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काही लागतं का म्हणून मामंजींनी बाहेरून विचारलं. त्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला. मुद्दाम. एक शब्द त्यांना बोलता आला असता, आणि मी पेंढ्यावर जाऊन पडले असते. पण मग मीही तोंड उघडलं असतं, हे त्यांना माहीत होतं.

"काही लागत नाही म्हणते," त्या म्हणाल्या.

ओटीवर आनंद झाला. मामंजी म्हणाले, भरभर ठोक्यांनी जंत गेले. थोरले म्हणाले, सावकाश ठोक्यांनी सैल झाले होते म्हणून गेले. तो वाद दोघे मरेपर्यंत चालला. जंत कुठेही गेले नव्हते. ते पुढे दोन वर्षांनी पळसपापडीने पडले, मूठभर, आणि मोजायला कुणी आलं नाही.

मला राहायला मिळालं. सासूबाईंनी त्या दिवसाबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. आम्ही दोघी त्या घरात जवळजवळ चाळीस वर्षं एकमेकींच्या हातचं जेवलो. त्यांनी मला कधी माफ केलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. दुसरी ठरवली होती ती मुलगी कल्याणात एका वकिलाला दिली. फार सुखात राहिली म्हणतात.

वडील त्या दिवशी जेवायला थांबले. मी वाढत होते. हात इतके थरथरत होते की आमटी पानाबाहेर जात होती, आणि ते ती भाताने टिपून घेत होते. मुलगी बरी झाली, ठेवून घेतली, हे ऐकल्यापासून त्यांचा चेहरा उजळला होता. एवढा भात त्यांनी खडवलीच्या घरीसुद्धा कधी खाल्लेला मी पाहिला नव्हता. मी मध्येच हळू विचारलं, आई कशी आहे. बरी आहे, म्हणाले, आणि मठ्ठा मागितला.

जेवून निघाले. एवढ्या लांबून आणलेली गाडी रिकामी कशी न्यायची, म्हणून त्यांनी वाटेत मिठागरावरून मीठ घ्यायचं ठरवलं. मीठ ओलं असतं, पेंढ्यावर टाकलं तर फुकट जाईल, म्हणून तो सगळा पेंढा त्यांनी आमच्या अंगणात ढकलून दिला आणि गाडी झाडून स्वच्छ केली. मिठाखाली अंथरायला पोतं मागायला आत आले ते मामंजींकडे. मी खिडकीतून हाक मारली नाही. मला वाटत होतं मी जिंकले.

गाडी वळल्यावर सासूबाईंनी मला तो पेंढा गोळा करायला लावला.